प्रश्न कोणाच्या शब्दांत?

17 नोव्हेंबर 2023. मध्य प्रदेशात विधानसभेचे मतदान होते. बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाडा, बैहर आणि लांजी या तीन मतदारसंघांत ते नक्षलग्रस्त भाग म्हणून दुपारी तीनलाच संपवले गेले. तरी राज्यात सर्वाधिक मतदान झालेल्या जिल्ह्यांत बालाघाटचे नाव होते. प्रचारात मजुरीचा एक आकडा ठळक होता. तेंदूपत्त्याचा दर मानक बोऱ्याला तीन हजारांवरून चार हजार करण्याचे आश्वासन भाजपच्या संकल्पपत्रात होते. बोऱ्यात हजार गड्ड्या आणि गड्डीत पन्नास पाने, म्हणजे पन्नास पानांना चार रुपये. राज्यात भाजपला 163 जागा मिळाल्या. परसवाड्यात मात्र राज्यमंत्री रामकिशोर कावरे पडले आणि काँग्रेसचे मधु भगत निवडून आले. पुढच्या वर्षी बालाघाटची लोकसभेची जागा भाजपने जिंकली. चार हजारांचा दर 2024 च्या हंगामापासून लागूही झाला.

मग परसवाड्याने चार हजारांचा दर नाकारला, असे म्हणायचे का? आपल्यातले काही संघटक तसे म्हणतात, आणि 'लोकांना स्वतःचे हित कळत नाही' अशी पुस्तीही जोडतात. आम्हाला हे पटत नाही. दराबद्दल कोणी विचारलेच नव्हते. विचारले होते उमेदवाराबद्दल, आणि उमेदवाराबरोबर जात, रस्ता, धान खरेदी, जुना राग आणि नवी ओळख हे सगळे त्याच बटणात येते.

प्रश्न सुटा करून विचारला तर काय होते, याचे आपल्याला जवळचे उदाहरण गोव्याचे. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल कामगारांच्या हक्काचा नव्हता, विलीनीकरणाचा होता. पण आपल्या कामाचा धडा त्यात आहे. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असेल तर फूल, नको असेल तर दोन पाने. दोन पाने चौतीस हजारांच्या फरकाने जिंकली. दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. कुळांची आणि बहुजनांची बाजू घेणारे भाऊसाहेब बांदोडकर लोकांना हवे होते, विलीनीकरण नको होते. दोन वेगळ्या प्रश्नांना त्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात 2020 मध्ये हेच दिसले. मतदारांनी ट्रम्प यांना राज्य दिले आणि त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला 15 डॉलरवर नेणारी दुरुस्ती सुमारे 61 टक्क्यांनी मंजूर केली. मिसुरीत विधिमंडळाने केलेला, संघटनांच्या वर्गणीवर घाव घालणारा कायदा 2018 मध्ये सार्वमताला गेला आणि दोन तृतीयांश लोकांनी तो फेटाळला. तेही रिपब्लिकन राज्य. पगाराचा आकडा किंवा आहे ते काढून घेण्याची भीती समोर स्पष्ट मांडली, तर माणूस पक्षापलीकडे पाहतो.

पण उलटेही घडते. 2020 च्याच नोव्हेंबरात, उदारमतवादी म्हणवणाऱ्या कॅलिफोर्नियात, ॲपवर गाडी चालवणाऱ्यांना कर्मचारी न मानण्याचा प्रस्ताव साडेअठ्ठावन्न टक्क्यांनी मंजूर झाला. कंपन्यांनी त्यावर वीस कोटी डॉलरहून अधिक ओतले, हे खरे. तरीही नुसता पैसा म्हणून हात झटकणे ही आम्हाला सोयीची पळवाट वाटते. तिथे मत देणाऱ्यांत चालक थोडे आणि गाडीत बसणारे फार होते. बसणाऱ्याला सांगितले गेले, भाडे वाढेल, गाडी मिळणार नाही, आणि चालकाला त्याच्या वेळेची मोकळीक हवीच आहे. हक्काचे नाव न घेता हक्क काढून घेणारा प्रश्न होता तो. स्वित्झर्लंडमध्ये 2012 साली सगळ्यांना सहा आठवड्यांची रजा देण्याचा प्रस्ताव दोन तृतीयांश मतांनी पडला, 2014 मध्ये 22 फ्रँकचे किमान वेतन तीन चतुर्थांश मतांनी. रजा नको असणारा नोकरदार आम्ही अजून पाहिलेला नाही. नोकरी जाईल ही भीती असणारे रोज पाहतो.

आपल्याकडे कायद्यावर सार्वमत नाही. चार कामगार संहिता संसदेत 2019 आणि 2020 मध्ये मंजूर झाल्या, 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाल्या. मजुराच्या दारात कोणी चिठ्ठी घेऊन आले नाही. मजुरीच्या प्रश्नावर थेट हात वर करण्याची एक जागा मात्र उरते, ग्रामसभेची, आणि ती नेमकी परसवाड्यालगतच्या डोंगरपट्ट्यात आहे. शेजारची बैहर तहसील पाचव्या अनुसूचीतली. अशा अनुसूचित भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे मध्य प्रदेशातले नियम नोव्हेंबर 2022 मध्ये आले. तेंदूपत्ता राज्याच्या वनोपज सहकारी संघाच्या समितीमार्फत तोडायचा की ग्रामसभेने स्वतः तोडून विकायचा, हे ठरावाने ठरवता येते. सीमेपलीकडे गडचिरोलीत हाच सवाल 'पर्याय 1 की पर्याय 2' म्हणून ओळखला जातो.

कागदावर दुसरा पर्याय सरसच. मजुरी आणि रॉयल्टी दोन्ही गावाची. मग कित्येक गावे पहिल्यावरच का थांबतात? ग्रामसभेत कोण बसते ते पाहा. पान तोडणारी बाई पहाटे चारला जंगलात जाते, दुपारभर गड्ड्या बांधते आणि संध्याकाळी फडावर मोजून देते. तिला फडमुन्शी माहीत आहे, दर माहीत आहे, बोनस उशिरा का होईना येतो हेही माहीत आहे. दुसऱ्या पर्यायात आगाऊ रक्कम कोण देणार, पाऊस आला तर भिजलेले पान कोणाचे, व्यापारी पळाला तर दाद कुठे, या तिच्या प्रश्नांना आपल्या पत्रकात उत्तर नसते. कंत्राटदारांनी रॉयल्टी थकवल्याच्या तक्रारी गडचिरोलीत झालेल्या आहेत, आणि त्या बालाघाटपर्यंत न पोहोचायला इथे काही समुद्र आडवा नाही. शिवाय हात वर करायचा तो सरपंच, मुन्शी आणि वनरक्षक यांच्यादेखत. ज्याच्याकडे उद्या जळाऊ लाकडासाठी जायचे, त्याच्यासमोर.

म्हणून आमचे मत असे, की हक्काचा ठराव पडतो तेव्हा बहुतेक वेळा लोकांनी हक्क नाकारलेला नसतो, हमी नसलेला व्यवहार नाकारलेला असतो. शेजारच्या गावात पैसे हातात पडलेले दिसले की तोच ठराव भाषणाविना मंजूर होतो. आधी हिशेब दाखवा, ठराव मग मांडा.

मुंबईच्या गिरणगावात तर प्रश्न विचारणेच टाळले गेले. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. संघटना कोणती, हे गुप्त मतदानाने ठरवा, ही मागणी मान्य झाली नाही. डिसेंबर 1984 मध्ये, काँग्रेसच्या लाटेत, गिरणगावाने संपाचे नेते दत्ता सामंत यांना लोकसभेवर पाठवले. मत देऊन झाले, संप मात्र जिंकला गेला नाही. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच पेटीत टाकावे लागले.

आता औद्योगिक संबंध संहितेत पटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरणार, तशी संघटना नसेल तर प्रत्येकी 20 टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद. नियमांच्या मसुद्यात गुप्त मतदान आहे. चाळीस वर्षे मागितलेली चिठ्ठी एकदाची येते आहे, आणि तिच्यासोबत 'पटावरचे' हा शब्दही. परसवाड्याजवळच्या उकव्यात मॉइलची मँगनीज खाण आहे. मॉइलच्या मान्यताप्राप्त संघटनेने 1 ऑगस्ट 2017 पासून दहा वर्षांचा वेतनकरार केला, तो कंपनीच्या पटावरच्यांसाठी. कुठल्याही खाणीत ठेकेदाराच्या हजेरीवर राबणाऱ्याला ती चिठ्ठी मिळणार का, हे या पट शब्दावर अवलंबून आहे. आपल्या वकील मित्रांनी हरकत घ्यायची ती इथे.

येत्या हंगामाआधी ज्यांच्या भागात ग्रामसभा होतील, त्यांना एक विनंती. ठराव कोणत्या वाक्यात मांडला, तो हिंदीत वाचला की गोंडीत की पवारीत, हात वर केले की चिठ्ठ्या टाकल्या, बायका किती होत्या, आणि बाजूने व विरोधात किती, एवढे लिहून आमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. जिंकलेले ठराव सगळेच कळवतात. पडलेले आधी पाठवा.