मेळघाटातली शिस्त मालवणच्या पाण्यातही हवी

दिवाळीची सुट्टी लागली की अमरावती-अकोल्याहून मालवण-तारकर्लीला निघणाऱ्या कुटुंबांच्या बेतात ‘स्कुबा’ आता हमखास असते. ८०० किलोमीटरहून जास्त प्रवास करून वऱ्हाडी माणूस सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरतो; पण आपण एका अभयारण्याच्या दाराशी आलो आहोत, हे त्याला बहुधा कुणी सांगत नाही. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर, आणि त्यातला सुमारे ३ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाच्या परिसरातला. मेळघाटाला कवच देणारा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाच इथेही लागू आहे, आणि त्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाप्रमाणे प्रवाळालाही जागा आहे. मेळघाटात गाड्यांची संख्या ठरलेली असते, सोबत वाटाड्या असतो, मध्येच गाडीतून उतरता येत नाही, प्राण्याला खाऊ घालता येत नाही. ही बंधने आपण मान्य केली आहेत. मग मालवणला जाणाऱ्या वऱ्हाडी पर्यटकाने तीच बंधने तिथेही मागायला हवीत.

प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ती इवल्याशा जिवांची वसाहत आहे. त्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्या अन्नावर ही वसाहत चुन्याचे घर बांधत जाते. घुमटासारखी वाढणारी प्रवाळे वर्षाला साधारण सेंटीमीटरभरच वाढतात, म्हणजे हातभर उंचीला चाळीसेक वर्षे लागतात. प्रथमच पाण्यात उतरलेला माणूस तोल सावरायला नेमका त्यावरच पाय देतो किंवा त्याला हात घालतो, होडीचा नांगर त्याच्यावर पडतो, उडालेला गाळ त्याचा प्रकाश अडवतो. मासे फोटोत जवळ यावेत म्हणून टाकलेला पावाचा चुरा तर माशांच्या सवयीच बिघडवतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मालवणच्या प्रवाळांना पर्यटकांच्या बुड्यांमुळे इजा होत असल्याचे नोंदवले आहे.

बंधनांच्या या मागणीवर पहिला आक्षेप येतो तो पोटाचा. अभयारण्याच्या नावाने मालवणच्या मच्छीमारांच्या मनात जुनी धास्ती आहे, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. मेळघाटातल्या कोरकू गावांच्या पुनर्वसनाची दुखणी वऱ्हाडाने जवळून पाहिली आहेत. म्हणून नियम करताना होडीवाल्यांनाच त्यांचे राखणदार करावे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहेच. स्थानिक तरुणांना तिथे तयार करावे, होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये बसवावेत, म्हणजे नांगर टाकण्याची गरजच उरणार नाही. भूमध्य समुद्रात स्पेनच्या किनाऱ्याजवळ मेडेस नावाची चिमुकली बेटे आहेत. तिथे १९८३ पासून मासेमारी बंद झाली, पुढे बुड्या मारणाऱ्यांच्या संख्येवरही मर्यादा आली. मोठाले हेकरू मासे तिथे पुन्हा दिसू लागले आणि तेच पाहायला येणाऱ्यांवर जवळच्या एस्टार्टिट गावातले पर्यटन उभे राहिले. मालवणला मेडेससारखी सरसकट मासेमारीबंदी मात्र नको. तिथल्या पारंपरिक जाळ्यांचा हक्क वेगळा आहे आणि तो राहिला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, प्रवाळ मरते ते समुद्राचे पाणी तापल्यामुळे. चार पर्यटकांच्या पायांनी असे काय बिघडणार? पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडते हे खरेच आहे. पण तापलेल्या पाण्यातून कसेबसे वाचलेल्या प्रवाळाला सावरायला निवांतपणा लागतो, आणि तापमान मालवणच्या हातात नसले तरी निवांतपणा देणे आहे. राहिला खर्चाचा प्रश्न. संख्या मर्यादित झाली की दर वाढेल आणि ते साध्या घराला जड जाईल, हे मान्य. पण दर न वाढवता, फेरी मिळायला फक्त थांबावे लागेल, अशी सोय करता येते. शाळकरी मुलांसाठी रोज काही जागा कमी दरात राखून ठेवता येतील.

असे नियम येईपर्यंत होडी ठरवताना प्रत्येकाला तीन गोष्टी विचारता येतील: नांगर कुठे टाकणार, एका वेळी किती माणसे उतरवणार, आणि माशांना पाव टाकणार का.