उघडे दरवाजे मोजायला शिका

पावसाळ्यात जायकवाडीतून पाणी सोडलं की आपल्या शेवगावात टपरीवर पहिला प्रश्न असतो, 'किती दरवाजे उघडले?' पण आपल्याच कॉम्प्युटरचे किती दरवाजे उघडे आहेत, हे आपल्यापैकी किती जण बघतात? मीही बघत नव्हतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही एक लिनक्स सर्व्हर भाड्याने घेतला. व्हिडिओ बघून कमांड मारल्या, वेबसाइट चालू झाली, आम्ही खूश! दुसऱ्या दिवशी सहज लॉग उघडला, तर अनोळखी पत्त्यांवरून 'रूट' नावाने लॉगिन करायचे शेकडो प्रयत्न झालेले. आमच्याशी कुणाचं वैर नव्हतं. इंटरनेटवर अशी दारं ठोठावत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालूच असतात.

मग 'एसएस' कमांडने कोणकोणते पोर्ट ऐकत बसलेत ते पाहिलं. २२ वर एसएसएच, ८० आणि ४४३ वर वेबसाइट, इथवर ठीक. पण ३३०६ वर डेटाबेससुद्धा साऱ्या जगासाठी खुला! तो फक्त आमच्याच वेबसाइटला लागत होता. सेटिंगमध्ये पत्ता १२७.०.०.१ केला आणि विषय संपला. एसएसएचला पासवर्डऐवजी की लावली. नको त्या सेवा 'सिस्टिमसीटीएल'ने बंद केल्या. फायरवॉल सगळ्यात शेवटी, आणि तीही आधी २२ ला परवानगी देऊन. नाहीतर स्वतःच घराबाहेर!

हा धडा जुना आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हजारो युनिक्स मशिनमध्ये शिरला. त्याच्या वाटांपैकी एक होती 'फिंगर' ही कोण लॉगिन आहे ते सांगणारी साधी सेवा, दुसरी सेंडमेलमध्ये चालूच राहिलेली चाचणीची सोय. बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आपण जर्नलमध्ये पोर्टची व्याख्या लिहितो, तक्ता पाठ करतो, व्हायवात धडाधड सांगतो. सेवा सुरू करायचे मार्क मिळतात, बंद करायचे नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की प्रॅक्टिकलला एक प्रश्न वाढवा: 'हा पोर्ट उघडा का आहे?' उद्या आपल्यातलाच कुणी पतसंस्थेचा, दवाखान्याचा सर्व्हर सांभाळणार आहे. तिथे लोकांचे पैसे आणि आजारपणाच्या नोंदी असतील. तेव्हा पाठ केलेला तक्ता कामाला येणार नाही.

आज घरी गेल्यावर आपापल्या लॅपटॉपपासून सुरुवात करा. ज्या पोर्टचं कारण सांगता येत नाही, तो शोधा. लागत नसेल तर बंद करा.