लाल डोळा, पण कशानं?
2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती. आजही नांदेड-लातूरकडं लाल डोळा दिसला की ‘आले असतील डोळे’ म्हणून विषय संपतो. साथीत डोळा चुरचुरतो, पाणी गळतं, सकाळी पापण्या चिकटतात, बहुधा दुसराही डोळा धरतो. पण नजर साफ राहते आणि आठ-पंधरा दिवसांत आराम पडतो. नुसती खाज असेल तर बहुतेक ॲलर्जी. मला खरी धास्ती वाटते ती दिवाळीच्या तोंडावर. सोयाबीनची रास चालू असते, मळणीयंत्रातून भुसा उडतो, टरफलाचा एखादा तुकडा बुबुळाला ओरखडा काढून जातो. काही दिवसांनी तोच एक डोळा लाल होऊन ठणकतो, उजेड सोसत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका येतो. या जखमेत बुरशी असू शकते. अशा वेळी मेडिकलवरून परस्पर आणलेल्या स्टेरॉईडच्या थेंबांनी लाली उतरते, बरं वाटतं आणि बुरशी मात्र आत फोफावते. मध, आईचं दूध हेही नको. थेट नेत्रतज्ज्ञ गाठा. लाल डोळ्यासोबत डोकं ठणकलं, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर काचबिंदूचा झटका असू शकतो. तेव्हा सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, रात्रीच निघा.