कोर्स मोफत, मग प्रमाणपत्र का अडते? ‘स्वयम्’चे नियम समजून घ्या

रायपूरच्या बूढापाऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका ताईंनी मोबाइलवर बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला. दिवसभर दुकानातली नोकरी, रात्री व्हिडिओ आणि असाइनमेंट. प्रमाणपत्र मात्र आले नाही. चौकशी केल्यावर कळले की परीक्षेचा फॉर्मच भरलेला नव्हता. “नोंदणी तर सुरुवातीलाच केली होती,” असे त्या म्हणत राहिल्या.

घोळ शब्दाचा होता. कोर्सला नाव घालणे आणि परीक्षेसाठी अर्ज करणे, दोन्हींना मराठीत ‘नोंदणी’च म्हटले जाते. माझ्याही भाषांतरांत तोच शब्द येत राहिला. म्हणून या लेखात पहिल्याला ‘प्रवेश’ आणि दुसऱ्याला ‘परीक्षा अर्ज’ म्हटले आहे.

हे नियम आता महत्त्वाचे का झाले?

केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ पोर्टल जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थ्यांना ऑनलाइन करू देण्याची मुभा त्या वेळी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या नियमांत ही मर्यादा ४० टक्के केली. म्हणजे सत्राला पाच विषय असतील तर दोन ‘स्वयम्’वरून करता येतात. त्यामुळे एक तारीख चुकली तर आता नुसते प्रमाणपत्र जात नाही, सत्राचा निकालही अडकू शकतो.

मोफत काय आणि पैसे कशाचे?

प्रवेश, व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि असाइनमेंट मोफत आहेत. पैसे लागतात ते परीक्षेचे. ‘स्वयम्’वरील एनपीटीईएलच्या कोर्सना अलीकडच्या सत्रांत प्रत्येकी १,००० रुपये परीक्षा शुल्क होते. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ते निम्मे होते. सवलतीसाठी अर्ज भरतानाच दाखला अपलोड करावा लागतो, म्हणून तो आधीच काढून ठेवा.

परीक्षा घरून देता येत नाही. अर्जात शहर निवडावे लागते आणि त्या दिवशी केंद्रावर जावे लागते. नोकरी करणाऱ्यांनी तारीख कळताच सुट्टी मागून ठेवावी. अर्जातले नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळते का, हेही पाहावे.

उत्तीर्ण कसे ठरवतात?

एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात. त्यामुळे आजारपणात एखादा आठवडा चुकला तरी कोर्स सोडू नका. मात्र असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, असे दोन्हीकडे वेगवेगळे गुण मिळवावे लागतात. एकीकडचे जास्त गुण दुसरीकडची कमी भरून काढत नाहीत.

कॉलेज क्रेडिट देईलच का?

खरी अडचण इथे आहे. ४० टक्के ही कमाल मर्यादा आहे. कोणत्या सत्रात कोणते कोर्स मान्य करायचे, हे विद्यापीठ वा कॉलेजची शैक्षणिक समिती ठरवते. तुम्ही निवडलेला कोर्स त्या यादीत नसेल, तर प्रमाणपत्र हातात असूनही गुणपत्रिकेत क्रेडिट दिसणार नाही. नियमाने दार उघडले आहे, पण चौकशी करण्याचे ओझे विद्यार्थ्यावरच राहिले आहे. घरात कॉलेजला जाणारी पहिलीच पिढी असेल, तर हे सांगायलाही कोणी नसते. प्रत्येक कॉलेजने ही यादी सत्राआधी फलकावर लावली, तरी बरेच नुकसान टळेल.

मिळालेली क्रेडिट ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या खात्यात जमा होतात आणि कमाल सात वर्षे वापरता येतात. शिक्षण मध्येच थांबले तर हे खाते उपयोगी पडते.

प्रवेश घेण्यापूर्वी एवढे करा

१. कोर्स आपल्या कॉलेजच्या यादीत आहे का, ते विचारा. उत्तर लेखी घ्या.
२. कोर्सच्या पानावरील चार तारखा वहीत उतरवा: प्रवेशाची शेवटची, असाइनमेंटची, परीक्षा अर्जाची आणि परीक्षेची.
३. परीक्षा अर्ज वेगळा भरा आणि शुल्काची पावती जपून ठेवा.
४. क्रेडिटचे खाते उघडा आणि त्यातले नाव तपासा.

बूढापाऱ्यातल्या ताईंनी पुढच्या सत्रात पुन्हा प्रवेश घेतला आहे. या वेळी परीक्षा अर्जाची तारीख त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलेली आहे.