पुढे वडिलांचं नाव तेच

ललित साळवे यांचं गाव राजेगाव. आपल्या अहिल्यानगरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यात. 2010 साली ते पोलीस दलात भरती झाले ते महिला शिपाई म्हणून, कारण जन्मापासून कागदावर तशीच नोंद होती. 2017 मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी महिनाभराची रजा मागितली. ती मिळाली नाही. महिलांच्या जागेवर भरती झालेल्या माणसाला पुरुष म्हणून नोकरीत कसं ठेवायचं, हा खात्यापुढचा प्रश्न होता. साळवे मुंबई उच्च न्यायालयात गेले. ही सेवेची बाब आहे, प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जा, असं तिथे सांगण्यात आलं. अखेर राज्य सरकारनं परवानगी दिली आणि 25 मे 2018 रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. 2020 मध्ये त्यांचं लग्न झालं. जानेवारी 2024 मध्ये त्यांना मुलगा झाला.

त्यांचं जुनं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या काळात ते वर्तमानपत्रांनी छापलं, आणि त्यानंतरही त्यांच्याविषयीच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा छापलं. वाचकाला त्याची गरज काय, हे मला कधी कळलं नाही. माणूस स्वतःची ओळख एका नावानं करून देतोय, तर तेवढं नाव पुरे आहे.

साळवे यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं होतं, त्यामुळे डॉक्टरांच्या लेखी त्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली आणि शरीराच्या तपासणीतही वेगळं काही निघालं नाही, पण कळायला लागल्यापासून स्वतःला मुलगाच समजत आले, असेही पुष्कळ जण असतात. त्यांना ट्रान्स पुरुष म्हणतात. गावाकडे अशा पोराला कुणी काही म्हणतच नाही. ‘मुलासारखी वागते’, ‘लग्न झालं की येईल वळणावर’ एवढ्यावर विषय संपवतात. वाटा वेगळ्या असल्या तरी दोघांपुढे एक प्रश्न सारखाच येतो: आता नाव काय घ्यायचं?

आपल्याकडे तृतीयपंथी म्हटलं की डोळ्यापुढे साडीतली माणसं येतात. त्यांच्यात गुरू-चेल्याची जुनी परंपरा आहे, घराणी आहेत. नव्यानं आलेल्या चेल्याला बहुतेक वेळा गुरू नाव देतो, आणि ते नाव घेणारी माणसं पहिल्या दिवसापासून भोवती असतात. ट्रान्स पुरुषाला घराणं नाही, गुरू नाही, त्याची म्हणून यल्लम्मासारखी कुठली देवी नाही. त्याला नाव एकट्यानं शोधावं लागतं आणि बराच काळ एकट्यानंच वागवावं लागतं. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या पोराला तिथले मित्र एका नावानं ओळखतात आणि घरून फोन आला की तो दुसऱ्या नावाला ‘हां, बोल’ म्हणतो. असं वर्षानुवर्षं चालतं. या दुहेरी जगण्यात किती शक्ती खर्ची पडते, याचा हिशोब घरच्यांना कधी लागत नाही.

त्यानं स्वतः नाव ठरवण्याआधी ते दोनदा दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं, किंवा ठरवायच्या बेतात असतात. एकदा बारशाला. दुसऱ्यांदा लग्नात, तांदळानं भरलेल्या ताटात अंगठीनं नवऱ्यानं लिहिलेलं. आपल्या आज्या, पणज्या या दुसऱ्या नावानंच जगल्या. माहेरचं नाव विचारलं तर क्षणभर थांबायच्या. एका दुपारीत बाईचं नाव, मधलं नाव, आडनाव अशी तिन्ही बदलायची आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव नव्या नावानं हाक मारायचं. कुणाची जीभ अडखळली नाही, कुणी म्हटलं नाही की जन्माचं नाव असं बदलता येत नसतं. ज्या पोराचं लग्न मुलगी म्हणून दडपून लावून देतात, त्याच्या वाट्याला हे ताट येतं. सगळ्यांच्या सोयीसाठी नाव बदलताना आपल्याला काही वाटत नाही. त्यानं स्वतःसाठी मागितलं की मात्र आपण परंपरा काढतो.

परंपरेच्या नावानं बोलायचं तर साताऱ्याची गोष्ट सांगायला हवी. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली, म्हणून ज्यांचं नाव ‘नकुशी’ ठेवलं अशा 285 मुलींना 22 ऑक्टोबर 2011 रोजी सातारा जिल्हा परिषदेनं समारंभ करून नवी नावं दिली. त्यातल्या काही मुलींनी आपलं नाव स्वतः निवडलं. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला भरून आलं होतं. आईबापांनी ठेवलेलं नाव माणसाला जाचू शकतं आणि ते उतरवण्याचा त्याला हक्क आहे, हे त्या दिवशी आपण मान्यच केलं होतं.

नाव निवडायचं कसं, हा यातला सगळ्यात माणूसपणाचा भाग आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. काही जण जुन्या नावाच्या जवळचं नाव घेतात. त्यात शहाणपण असतं. पहिलं अक्षर तेच राहिलं की सही फारशी बदलत नाही आणि आईच्या जिभेला सोपं जातं. कुणी पत्रिकेतलं नावरस अक्षर धरतं. ज्याचं नाव आधीच किरण किंवा शशी आहे त्याला नाव राखता येतं, फक्त समोरच्यांना ‘आली’चं ‘आला’ करायला शिकवावं लागतं, आणि मराठीत ते दर वाक्याला आडवं येतं. कुणी आजोबांचं नाव मागतं. आपल्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तर मीही नातूच आहे, असं त्याचं म्हणणं. घरात या एका मागणीवरून केवढा गदारोळ होऊ शकतो हे ज्यानं खेड्यातलं घर पाहिलंय त्याला सांगायला नको.

नावाला पिढी असते, हेही त्याला बघावं लागतं. 1998 साली जन्मलेल्या पोरानं दत्तात्रय घेतलं तर ते चुलत्याचं नाव वाटतं, आणि मालिकेतल्या नायकाचं घेतलं तर पारावरची माणसं हसतात. आपल्या वर्गात, आपल्या वयाच्या मुलांत जे सहज खपलं असतं, ते नाव त्याला हवं असतं. कर्जतच्या दादा पाटील महाविद्यालयाच्या फाटकाशी कुणी मागून हाक मारली तर दहा जणांनी वळून पाहू नये, एवढीच अपेक्षा.

माझ्या मते सगळ्यात चांगली वाट म्हणजे आईला विचारणं. पोटात असताना बहुतेक आयांनी दोन नावं मनात धरलेली असतात, एक मुलीचं, एक मुलाचं. मुलगा झाला असता तर काय ठेवणार होतीस, असं विचारलं तर ती रडेल, चिडेल, उठून जाईल. पण तिच्याजवळ नाव असतं. ते तिनं दिलं तर त्या नावाला आईचा हात लागतो. सगळ्या आया देणार नाहीत. ज्यांना देता येईल त्यांनी द्यावं, एवढं मी हात जोडून सांगेन.

आणि आत्या. बारशाला बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचा मान आपल्याकडे आत्याचा. भावाला मूल झालं तेव्हा ज्यानं पाठीवर बुक्के खात भाचराचं नाव त्याच्या कानात सांगितलं, तो माणूस आता म्हणतो की मला काका म्हणा. बहिणीची पोरं त्याला मावशी म्हणायची, त्यांनी मामा म्हणायचं. लहान पोरं हे फार लवकर शिकतात, मोठ्यांना वेळ लागतो. ज्याला दुसऱ्याचं नाव ठेवायचा मान दिला, त्याला स्वतःचं नाव ठेवायची मुभा नाही, हे मला पटत नाही.

‘आईबापांनी दिलेलं नाव टाकलं म्हणजे आईबापांना टाकलं,’ असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात. त्यांचं दुःख खोटं नाही, पण आपली नाव लिहायची रीत बघा. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मुलगी लग्न करून गेली की मधलं नाव बहुतेक वेळा बदलतं, वडिलांच्या जागी नवरा येतो. ट्रान्स पुरुषाचं तसं होत नाही. तो पहिलं नाव बदलतो आणि त्यापुढे वडिलांचं नाव तेच ठेवतो, जन्मभर ठेवतो. ज्या बापानं त्याला घराबाहेर काढलं, त्याचंही नाव तो दर अर्जावर लिहीत असतो. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यातही, कलम 7 मध्ये, पहिलं नाव बदलण्याचाच हक्क लिहिलेला आहे.

या कायद्याच्या मागे सर्वोच्च न्यायालयाचा 15 एप्रिल 2014 चा नाल्सा निकाल आहे. आपली लिंगओळख आपण ठरवायची आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं. कायदा जानेवारी 2020 पासून लागू झाला, त्याच वर्षी नियम आले. त्या नियमांत घालून दिलेली वाट अशी होती: जिल्ह्यात सलग बारा महिने राहणाऱ्यानं प्रतिज्ञापत्रासह जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, तो ऑनलाइनही करता येत होता, मग ओळख प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळायचं. त्याच्या आधारे जन्मदाखला, शाळा-कॉलेजचे दाखले, जातीचा दाखला, आधार, पॅन, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, वीजबिल अशा कागदांवरचं नाव बदलायचं. अर्ज आल्यावर पंधरा दिवसांत नाव बदलून द्यावं, असं नियमांत होतं. नियमांत फेरबदल होत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात आजचा नियम विचारून घ्यावा.

कागदांची ही रांग खेड्यातल्या माणसाला फार लांबची असते. नावबदल राजपत्रात छापून आणला तरी शाळा सोडल्याचा दाखला जुना, आणि शाळेचं जनरल रजिस्टर कपाटात. दाखला बदलला तर जातीचा दाखला राहतो, तो झाला की सातबारा. वडिलांच्या मागे वारस म्हणून लागलेलं नाव जुनं असतं. ते बदलायचं तर तलाठ्याकडे अर्ज आणि फेरफार, आणि फेरफाराची नोटीस म्हणजे भावकीला निमंत्रणच. जमिनीच्या वादात ‘ही व्यक्ती तीच कशावरून’ असा मुद्दा काढणारा एखादा निघतोच. त्यामुळे कित्येक जण शहरातले कागद बदलतात आणि गावचे तसेच ठेवतात. जमिनीवरचा हक्क राखायचा तर नावाचा हक्क सोडा, अशी अडचण आपण त्यांच्यापुढे उभी केली आहे. ती महसूल खात्याला एका परिपत्रकानं दूर करता येईल.

नाव बदलणं अवघड असतं असं आपल्या जिल्ह्यानं तरी म्हणू नये. 31 मे 2023 रोजी चौंडीत, कर्जतच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात, अहिल्यादेवींच्या जयंतीला अहमदनगरचं अहिल्यानगर होणार अशी घोषणा झाली. मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, ऑक्टोबर 2024 मध्ये अधिसूचना निघाली. लाखो माणसांचा पत्ता बदलला. पाट्या, शिक्के, लेटरहेड टप्प्याटप्प्यानं बदलत गेले. बोलताना आपण अजूनही ‘नगरला चाललो’ म्हणतो आणि त्यात कुणाचा अपमान नसतो, ती जिभेची सवय आहे. पण कचेरीत कुणी लिपिक ‘मला जुनंच नाव माहीत आहे, मी तेच लिहिणार’ असं म्हणत नाही. एका माणसाच्या नावालाही हाच नियम लावता येतो. आईच्या तोंडून सवयीनं जुनं नाव निघालं तर तो समजून घेईल. सरकारी प्रमाणपत्र समोर असताना खिडकीपलीकडचा माणूस मोठ्यानं जुनं नाव पुकारतो आणि रांगेतल्या सगळ्यांना मान वळवायला लावतो, ती सवय म्हणता येत नाही. तो छळ आहे.

कर्जतमध्ये, राशीनमध्ये, मिरजगावात असा मुलगा नाही असं कुणी मला सांगू नये. आहे, आणि त्यानं नाव ठरवलेलंही असेल. त्याला मी एवढंच सांगेन की ते नाव आधी एका भरवशाच्या माणसाला सांग आणि त्याच्याकडून हाक मारून घे. कागद त्यानंतर. मुख्याध्यापक, तलाठी, बँकेतले कर्मचारी, सेतू केंद्र चालवणारी मुलं, या सगळ्यांना माझी विनंती आहे: त्यानं प्रमाणपत्र पुढे केलं तर जुनं नाव विचारण्याची गरज असेल तिथे हळू आवाजात विचारा, ठरलेल्या दिवसांत दुरुस्ती करून द्या, आणि त्याला बोलावताना नव्या नावानं बोलवा.