चिपच्या बाजारातील कपात

जर्मनीच्या इन्फिनिऑनने ऑगस्ट २०२४ मध्ये १,४०० नोकऱ्या कमी करण्याचे आणि आणखी तितक्याच नोकऱ्या स्वस्त मनुष्यबळाच्या देशांत हलविण्याचे जाहीर केले. पाठोपाठ फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या ऑनसेमीने सुमारे २,४०० आणि मार्चमध्ये मायक्रोचिपने सुमारे २,००० नोकऱ्यांवर कुऱ्हाड चालविली. या तिन्ही कंपन्यांच्या चिप मोटारगाड्यांत बसतात. संगणक-मोबाइलचा बाजार लहरी, मोटारीचा मात्र भरवशाचा, असा या धंद्यातील समज होता. तो भरवसा गेला कोठे?

उत्तर मागच्या टंचाईत आहे. २०२० साली करोनाच्या धास्तीने मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या आणि चिप कारखान्यांनी आपली क्षमता इतर ग्राहकांना दिली. गाड्यांची मागणी परतली तेव्हा चिप मिळेनात. लाखोंची गाडी क्षुल्लक किमतीच्या तुकड्यासाठी अडून राहिली. सप्टेंबर २०२१ मध्ये आपले उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्केच होईल, असे मारुतीला सांगावे लागले. हात पोळलेल्या कंपन्यांनी मग गरजेहून अधिक चिप मागवून गोदामे भरली. चिप उत्पादकांनी तीच खरी मागणी मानली आणि कारखाने वाढविले. पुढे युरोप-अमेरिकेत विजेवरील गाड्यांची विक्री अपेक्षेइतकी वाढली नाही, साठे पडून राहिले आणि नव्या मागण्या आटल्या. सिलिकॉन कार्बाइड चिप बनविणारी वुल्फस्पीड तर जून २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. हिशेब चुकला व्यवस्थापनाचा, घरी गेला तो कामगार. हा न्याय जुनाच!

भारत आता याच व्यवसायात उतरत आहे. साणंद येथे जपानच्या रेनेसासच्या भागीदारीतील प्रकल्पात ऑगस्ट २०२५ पासून चिपची जुळणी व चाचणी सुरू झाली. मोटारींच्या चिपही तेथे हाताळल्या जाणार आहेत. ही आनंदाचीच गोष्ट. परंतु केवळ स्वस्ताईमुळे आलेले काम अधिक स्वस्त जागा दिसताच निघून जाते, हे विसरता येणार नाही. बंगळूर, पुणे, हैदराबाद येथील आपले अभियंते परकीय कंपन्यांसाठी चिपचे आराखडे वर्षानुवर्षे करीत आहेत. मालकी मात्र बाहेरची. देशी आराखड्यांसाठी केंद्राची प्रोत्साहन योजना डिसेंबर २०२१ पासून आहे. तिला उणीव आहे ती ग्राहकाची. मोटारीतील चिप कसोट्यांना उतरण्यास वर्षे लागतात आणि नवख्या भारतीय कंपनीला तेवढा दम धरणे परवडत नाही. चाकणपासून गुरुग्रामपर्यंतच्या मोटार उत्पादकांनी अशा कंपन्यांना चाचणीसाठी गाड्या द्याव्यात, आणि चिप कसोटीस उतरल्यास तीन-चार वर्षांच्या खरेदीचे लेखी वचनही द्यावे.