मुलाचे उपचार अर्ध्यावर सोडू नका

पालघर, बोईसर, तारापूर आणि आतल्या पाड्यांवरच्या आई-वडिलांनो, त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनो, हे आवाहन एकाच गोष्टीसाठी आहे. मोठ्या आजाराचं मूल मुंबईच्या हॉस्पिटलात उपचाराला लागलं, की ते उपचार शेवटपर्यंत पूर्ण होऊ द्या.

असं मध्येच कोण सोडेल, असं कुणालाही वाटेल. पण सोडतात, आणि ते माया कमी असते म्हणून नव्हे. बाप एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली असतो. खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले, चार खाडे पडले की नावच जातं. आई महिना महिना परळला आजारी मुलाजवळ, धाकटी भावंडं गावी आजीकडे. जव्हार-मोखाड्याकडची माणसं असतील तर आधी एसटी, मग गाडी, मग दादर किंवा प्रभादेवीला उतरून पायी. त्यात भाताची लावणी तोंडावर आलेली. असे दोन-तीन महिने काढल्यावर एक दिवस मूल हसायला लागतं, अंगणात धावतं, भाकरी मागतं. मग घरात कुणीतरी म्हणतं, "बरा झालाय की पोरगा, आता कशाला नेता?" उपचार सुटतात ते बहुधा याच वाक्यावर.

म्हणून हे वाक्य नीट तपासून पाहू. मुलांच्या कर्करोगांत सर्वात जास्त आढळतो तो रक्ताचा कर्करोग, आणि त्यातही अॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. औषधं सुरू झाल्यावर पहिल्या महिना-सव्वा महिन्यातच बहुतेक मुलांच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा होतात. ताप जातो, रंग परततो. तरीही डॉक्टर उपचार दोन ते अडीच वर्षं चालवतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणाऱ्या पेशी शरीरात दडलेल्या असतात. या काळातला बराच भाग मूल घरीच असतं. गोळ्या घ्यायच्या आणि ठरलेल्या तारखेला तपासणीला जायचं. मूल धडधाकट दिसतं आणि रोजची गोळी मात्र चालू, हे घरच्यांना पटणं कठीण जातं हे खरं. पण तीच गोळी आजाराला परत येऊ देत नाही. एकदा उलटलेला आजार आवरायला पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतो.

श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. गरीब देशांत अनेक ठिकाणी हे प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली आहे. हा फरक पडण्याची दोन मोठी कारणं म्हणजे उशिरा होणारं निदान आणि अर्ध्यावर सुटणारे उपचार. आपल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही एकेकाळी पाच मुलांमागे साधारण एक मूल उपचार नाकारून किंवा मध्येच सोडून जात असे. तिथल्या मुलांच्या विभागाने कुटुंबांच्या राहण्याची, खाण्याची, पैशांची आणि पाठपुराव्याची व्यवस्था लावली, तेव्हा हे प्रमाण झपाट्याने उतरलं. औषधाइतकीच गरज आधाराची होती, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

तो आधार आपल्याला कुठे मिळतो, ते सांगतो. परळचं बाई जेरबाई वाडिया हॉस्पिटल 1929 पासून केवळ मुलांसाठी चालतं. थॅलेसेमिया आणि मुलांच्या रक्ताच्या आजारांसाठी मुंबई महापालिकेचं केंद्र बोरिवली पूर्वेला आहे. आपल्या लाइनवर ते परळहून जवळ पडतं, म्हणून "आमचं काम तिथे होईल का" हे डॉक्टरांना जरूर विचारा. राहायची सोय नाही म्हणून फलाटावर किंवा फुटपाथवर झोपू नका. दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. कर्करोगाच्या मुलांसाठी सेंट ज्यूड ही संस्था आई-वडिलांसह राहण्याची मोफत सोय करते. या जागा भरलेल्याही असतात, म्हणून पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात नाव सांगून ठेवा. लाजू नका. तिथल्या ताई त्याच कामासाठी बसलेल्या आहेत.

पैशांचं म्हणाल, तर जमीन गहाण टाकण्याआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातली सर्व रेशनकार्डधारक कुटुंबं आहेत आणि वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचं कार्ड जळगावचं असो की नंदुरबारचं, ते राज्यात चालतं. फक्त मुलाचं नाव त्यावर चढलेलं असू द्या. चौकशीसाठी 155388 हा क्रमांक आहे. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगारांचं आयुष्मान कार्ड देशभर चालतं. कारखान्यात काम करणाऱ्यांनी पगाराची पावती काढून पाहा. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असेल आणि त्यातून ईएसआयचे 0.75 टक्के कापले जात असतील, तर त्यात तुमच्या मुलाबाळांचे उपचारही धरलेले आहेत. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला रेल्वेभाड्यात सवलत असते. त्याचा फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून मिळतो.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी. कर्करोगाची औषधं चालू असलेल्या मुलाला 100.4 फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तो साधा ताप नव्हे. औषधांनी मुलाची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते आणि काही तासांत जंतू रक्तात पसरू शकतात. क्रोसीन देऊन सकाळची वाट पाहू नका. हॉस्पिटलला फोन करा, फाईल घ्या आणि रात्री दोन वाजले असले तरी निघा. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. घरी थर्मामीटर ठेवा. भगतावर श्रद्धा असेल तर ती आपल्या जागी राहू द्या, पण या काळात झाडपाल्याचं औषध मुलाच्या पोटात जाऊ देऊ नका आणि अंगाला डाग देणं तर मुळीच नको.

उशिरा होणाऱ्या निदानाबद्दलही थोडं सांगतो. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात प्रथम सुरू झाला तो 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमध्येच. तेव्हा जिल्हा वेगळा झालेला नव्हता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांचं पथक येतं. हृदयाला जन्मजात छिद्र, फाटलेला ओठ, वाढीतलं मागेपण त्यात सापडतं आणि पुढचे उपचार मोफत होतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. दोन आठवडे न उतरणारा ताप, पांढरं पडत जाणं, मार न लागता उमटणारे काळेनिळे डाग, मानेत वाढत जाणारी गाठ, सकाळी उलटीसह येणारी डोकेदुखी, डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आदिवासी पाड्यांवर सिकलसेलही आहे. सांध्यांत वारंवार कळा येत असतील तर रक्त तपासून घ्या.

आता बाकीच्यांना. ठेकेदार आणि सुपरवायझर मंडळींनो, ज्याचं मूल हॉस्पिटलात आहे त्याचे खाडे समजून घ्या. त्याचं नाव हजेरीवरून काढलंत की मजुरीबरोबर पुढे ईएसआयचा आधारही तुटतो. शिक्षकांनो, त्या मुलाचं नाव पटावर राहू द्या, वह्या घरी पाठवा आणि ते केस गेलेल्या डोक्याने परतलं तर वर्गाला आधी समजावून सांगा की हा आजार शेजारी बसल्याने लागत नाही.

बोईसरच्या खोल्यांत राहणाऱ्या हजारो तरुण कामगारांनो, या मुलांना रक्त लागतं आणि त्याहून अधिक वेळा प्लेटलेट लागतात. प्लेटलेट साठवल्या तर सुमारे पाच दिवसच टिकतात, म्हणून एका मोठ्या शिबिराने वर्षाची गरज भागत नाही. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येतं. कारखान्यातल्या दहा जणांनी आपले गट आणि फोन नंबर एका कागदावर लिहून गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडे ठेवले, तरी परळला बसलेल्या बापाची निम्मी वणवण वाचेल.

तुमच्या पाड्यावर, चाळीत उपचार सुटलेलं मूल असेल तर या आठवड्यात त्याच्या घरी जा. उपदेश करू नका. गाडीभाड्याचं काय, शेताचं काय, धाकट्यांना कोण बघेल, एवढं विचारा आणि त्यातलं एक काम स्वतःच्या अंगावर घ्या. मग जुनी फाईल शोधून त्या बापाबरोबर परत हॉस्पिटलात जा. सहा महिन्यांचा खंड पडला असला तरीही जा.